‘साधी गाडी घे आणि रिमॅप कर’ हा सल्ला पोरांना देऊ नका

साताऱ्याचा माझा भाचा आयुष्यातली पहिली गाडी घेतोय. बजेट अकरा लाख, मन आय२० एन लाईनवर, म्हणजे ह्युंदाईच्या आय२०च्या जास्त ताकदीच्या टर्बो आवृत्तीवर. रविवारी सकाळी ताईचा फोन आला, "अरे, ही असली गाडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं म्हणे. त्याला कुणीतरी मेसेज पाठवलाय, तू वाच बघू." तो मेसेज मी तीन ग्रुपवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता तो घरातच शिरलाय, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी गाडी ‘खरी’ परफॉर्मन्स गाडी नव्हेच. पावसात घाटात ती धोक्याची. तीन सिलिंडरचं एक लिटर इंजिन म्हणजे रिक्षाचं इंजिन. पुढे तिला गिऱ्हाईक मिळत नाही. आणि शेवटी सल्ला: त्यापेक्षा साधं, बिनटर्बोचं १.२ लिटर मॉडेल घ्या, वीस हजारांत रिमॅप करा (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ३० हॉर्सपॉवर वाढवा), एक्झॉस्ट बदला, गाडी खाली करा, रुंद टायर टाका, तीच मजा निम्म्या पैशांत.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. १९६४ साली पॅडी हॉपकर्कने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली ती मिनी कूपरमध्ये, म्हणजे पुढच्या चाकांच्या गाडीत, आणि तीही बर्फाच्या रस्त्यांवर. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाईप आरने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकचा २०.८ किलोमीटरचा फेरा ७ मिनिटं ४४.८८ सेकंदांत मारला. तीही पुढच्या चाकांचीच. मेसेजवाला मागच्या चाकांच्या गाडीसाठी बीएमडब्ल्यूचा दाखला देतो, पण बीएमडब्ल्यूची एक्स१ आणि २ सिरीज ग्रान कूपे आपल्याकडे पुढच्या चाकांवरच विकली गेली आहे.

पावसाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. चिखलाच्या उभ्या चढावर, गाडी माणसांनी भरलेली असताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरतात. ठोसेघरकडे जाताना माझंही एकदा तसं झालंय. पण ओल्या डांबरावर हिशोब उलटा असतो. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच बसलेलं असल्यामुळे पकड चांगली मिळते. वळणात वेग जास्त झालाच तर गाडी नाकाने बाहेर सरकते, आणि ॲक्सिलरेटर हळूच कमी केला की बहुतेक वेळा परत ओळीत येते. मागच्या चाकांची गाडी शेपटीने फिरली तर तिला सावरायला सराव लागतो. पंचवीस वर्षांच्या नवख्या चालकाला मी यातली कुठली गाडी देईन, हे वेगळं सांगायला नको.

‘रिक्षाचं इंजिन’ म्हणणाऱ्याने आकडे तरी बघायचे. साध्या १.२ आय२०चा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ११५ एनएम, तोही इंजिन मिनिटाला ४२०० फेरे (आरपीएम) घेईल तेव्हा. एन लाईनच्या ९९८ सीसी टर्बोचा (हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाचा) १७२ एनएम, आणि तो १५०० पासूनच हाताशी. हा फरक कागदावर कळत नाही. गळिताच्या हंगामात फलटण-सातारा रस्त्यावर रात्री जाऊन बघा. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबतोय. माझ्या जुन्या १.२ मध्ये मी दुसरा गिअर टाकायचो, इंजिन किंचाळायचं, आणि समोरच्या दिव्यांकडे बघत श्वास रोखून बसायचो. आताच्या टर्बोत तिसऱ्यातच पाय दाबतो आणि दोन्ही ट्रॉल्या मागे पडतात. उलट्या बाजूला जेवढी कमी सेकंदं, तेवढं बरं. मला परफॉर्मन्स हवा आहे तो यासाठी.

आणि लहान इंजिन ठेवण्यामागे पैशांचंही कारण आहे. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. तेवढीच ताकद दीड लिटरच्या इंजिनातून घ्यायला गेलात तर किंमत कुठे जाईल? दर वेगळे असले तरी लहान गाडीला कर त्याआधीही कमीच होता, म्हणून तर २०२४ मध्ये टाटाची अल्ट्रोझ रेसर १२० पीएस ताकद आणि सहा एअरबॅगसह ९ लाख ४९ हजारांपासून येऊ शकली.

आता तो रिमॅपचा सल्ला. राग येतो तो याचाच.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली आकडेवारी बदलणं. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवून ताकद काढता येते. साध्या १.२ मध्ये दाब वाढवणारं काही नसतंच. सिलिंडर जेवढी हवा ओढणार तेवढीच ओढणार. लॅपटॉप लावून दोन-चार हॉर्सपॉवर निघतील, तेही पेट्रोल चांगलं असेल तर. मेसेजमधली ‘३० हॉर्सपॉवर’ येणार कुठून? आणि समजा आलीच, तर गाडी थांबवणार कोण? साध्या गाडीला मागे ड्रम ब्रेक. एन लाईनला चारही चाकांना डिस्क, सस्पेन्शनही कडक. जास्तीचे पैसे या सगळ्याचे असतात.

‘गाडी खाली करा’ म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ओळखीच्या एका पोराने गॅरेजमध्ये ग्राइंडरने स्प्रिंगची दीड कॉईल कापून घेतली. खंबाटकीत खड्ड्यातून चाक खाली गेलं की स्प्रिंग बैठकीतून सुटून खडखडायची, आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासायचा. मी वाकून पाहिलं तर टायरच्या आतल्या कडेला बोटभर रुंद चर पडला होता, तारा दिसत होत्या. याच टायरवर तो आईला घेऊन पुण्याला जात होता.

कायदाही स्पष्ट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की, उत्पादकाने मूळ जे ठरवलं त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ‘रिमॅप पोलिसाला दिसत नाही’ असं मेसेजवाला लिहितो. पण वॉरंटीच्या वेळी कंपनी कॉम्प्युटर वाचते, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर कापलेली स्प्रिंग बघतो. दावा अडला तर बाप पीएफ मोडतो.

विक्रीचं म्हणणं थोडं खरं आहे. अशा गाडीला गिऱ्हाईक कमी, आणि रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो ही अशीच गाडी घेणाऱ्यांना फियाट भारतातून गेल्यावर पार्टसाठी वणवण करावी लागली. पुढचे टायरही लवकर झिजतात. शहरातल्या रांगेत ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, तापतो, म्हणून भाच्याला मॅन्युअलच बघ म्हटलंय.

शनिवारी टेस्ट ड्राइव्ह आहे. शोरूमवाल्याला आधीच सांगून ठेवलंय: हायवेवर नको, यवतेश्वरच्या घाटात न्यायची, आणि मागच्या सीटवर ताई बसणार.