अप्पांचा गिझर

काल संध्याकाळी कंपनीच्या मेकॅनिकने बिलावर सही घेतली. गिझर माझा, बाथरूम माझं, पैसे माझे. सही केली खालच्या मजल्यावरच्या अप्पांनी. मी बादली धरून शेजारी उभा होतो.

आमचा पंधरा लिटरचा गिझर महिनाभर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा वाजत होता आणि वीस मिनिटांत तापणारं पाणी चाळीस मिनिटं घेत होतं. हे मला कळलं नव्हतं, अप्पांना कळलं. त्यांच्या आणि आमच्या बाथरूमच्या जाळ्या एकाच डक्टमध्ये उघडतात, त्यामुळे माझ्या घरातल्या बऱ्याच गोष्टी त्यांना आधी कळतात.

"तुझा गिझर लाह्या फोडूलालाय बे," ते जिन्यात म्हणाले. "कॉइलला खपली धरलीय. सर्व्हिसिंग कधी केल्तास?"

गिझरचं सर्व्हिसिंग? मी तर त्याला भिंतीचा भाग समजत होतो. सात वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं ते फक्त लाल दिवा लागलाय का एवढ्यापुरतं. मग कंपनीला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "तपासणी मोफत आहे सर." मोफतचं पुढे येईलच.

मेकॅनिक आला तो नेमका पाणी यायच्या आदल्या दिवशी. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड, त्यामुळे आदल्या दिवशी घरातल्या तांब्या-पेल्यांचीसुद्धा मोजदाद असते. आणि गिझर साफ करायचा म्हणजे आधी टाकी रिकामी करायची. त्या मेकॅनिक पोराने खटका बंद केला, नळी जोडली, तिचं तोंड मोरीकडे वळवलं आणि डक्टमधून आरोळी आली, "थांब बे! सोडू नको!"

दोन मिनिटांत लुंगी-बनियनवर अप्पा माझ्या बाथरूममध्ये. दोन बादल्या त्यांनी आणल्या होत्या, तिसरी माझीच उचलून माझ्या हातात दिली.

अप्पा सव्वीस वर्षं गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, भोंगा गेला, पण अप्पांचा बॉयलर विझलेला नाही. "कुणाचा रे तू?" त्यांनी पोराला विचारलं. पाच मिनिटांत निघालं की पोराचा आजा त्याच गिरणीत वायंडिंगला होता. झालं. तिथून पुढे बाथरूममध्ये ते दोघं होते आणि एक बादली धरणारा होता. पोरगा अप्पांना 'अण्णा' म्हणत होता आणि मला 'काका'. अप्पा अठ्ठ्याहत्तरचे, मी सेहेचाळीसचा.

खालचं झाकण उघडलं तसे कडक भाकरीच्या तुकड्यांसारखे तपकिरी पापुद्रे खाली पडले. अप्पांनी एक उचलला, बोटांत मोडला, नाकाशी नेला. आता चाखतात की काय, असं मला वाटलं.

"बोअरचं पाणी?" त्यांनी पोराला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"बोअरचंच दिसतंय अण्णा," पोरगा म्हणाला, तेव्हा अप्पांना पटलं. मग पाण्यात विरघळलेला चुना तापला की दगड होऊन कॉइलवर कसा बसतो आणि वीज आधी त्या दगडाला तापवते, मग पाण्याला, हे त्यांनी मला सांगितलं. सावकाश. मधे मधे 'कळूलालंय का?' असं विचारत.

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "अण्णा, ह्यात रॉडच राहिला नाही की."

त्याच्या हातात नुसती एक तार होती. मॅग्नेशियमचा रॉड असतो म्हणे, पाणी टाकीचं लोखंड खायच्या आधी त्याला खातं. टाकीच्या वाट्याचं मरण तो अंगावर घेतो. अप्पांनी तार बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी तो रॉड भंगारात विकून आल्यासारखं.

"दोन-तीन वर्षांला बदलायचा असतोय," पोरगा म्हणाला.

"ह्यानं बदलला नाही."

"काकांनी बदलला नाही?"

"नाही रे. त्याला म्हाईतच नाही."

मी तिथेच होतो. दोन फुटांवर.

"बॉयलरला वर्षातनं एकदा सायब यायचा," अप्पा म्हणाले. "आत शिरून बघायचा. सर्टिफिकेट नाही तर आग नाही. एकोणीसशे तेवीसचा कायदा होता."

"अप्पा, हा पंधरा लिटरचा गिझर आहे."

"फुटायला किती लिटर लागतंय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तो कायदा पंचवीस लिटरपेक्षा लहान भांड्याला लागतच नव्हता, हे मी शोधून काढलं, पण रात्री अकरा वाजता. आणि तेव्हा बाथरूममध्ये पोराने सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी दाबून बघितली तर ती क्षाराने गच्च बसलेली. जास्त झालेला दाब बाहेर सोडायची ती वाट. अप्पा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता. त्याची देखभाल म्हणजे चिंच आणि राख. मोफत तपासणी आजीच करायची, आणि पोचे दिसले तर आम्हाला बडवायची. काल पोराने टाकीत पांढरी पूड ओतली. काय रे ती, विचारलं तर म्हणे लिंबूफूल. म्हणजे आंबट ते आंबटच. चिंच चार आण्यांची होती, ही पुडी हात लावण्यासकट साडेचारशेची.

आणि मुळात बोअरचं पाणी का? ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात. पावसाळ्यात भरलं की लोक फोटो काढायला जातात. उन्हाळ्यात पेपरात आकडा येतो, उजनी उणे इतके टक्के, कारण जवळजवळ ६४ टीएमसी हा मृतसाठाच, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी. आम्ही उणे पाणी पिणारी माणसं. ते पिऊन झाल्यावर अंघोळीला बोअर, बोअरला क्षार, क्षाराला मेकॅनिक. तक्रार कुठे करायची? जिथे करायची तिथला फोन उचलत नाहीत.

बिल झालं. तपासणी: शून्य रुपये. व्हिजिट ३५०, सफाई ४५०, रॉड ६००, वायसर १२०. एकूण १५२०. "व्हिजिट न देता मोफत तपासणी कशी करतात?" मी विचारलं. पोरगा हसला आणि कागद अप्पांपुढे धरला, "अण्णा, कस्टमरची सही." अप्पांनी चष्मा लावून, मोडी वळणाची, पगारपत्रकावर करावी तशी सही ठोकली. खाली मोबाइल नंबरही स्वतःचा घातला. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, त्यांनी मोठ्यांदा वाचला. पैसे तेवढे मला द्यायला मिळाले. जाताना दोन बादल्या ते झाडांना घालायला घेऊन गेले.

आज नळाला पाणी आलं. गिझर आवाज न करता तापला. डोक्याला साबण लावला होता, डोळे मिटलेले, आणि डक्टमधून आवाज आला, "साठवर ठेव म्हणलाय त्यो. वर फिरवू नको. मेसेज आलाय मला. ऐकूलालास का रे?"

"हो अप्पा," मी म्हणालो, आणि चाचपडत बटण साठवर आणलं.