‘पुट’ला जर्मनमध्ये एकच शब्द शोधू नका

जर्मन शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘जर्मन ही इंग्रजीची बहीण. नेहमीची इंग्रजी क्रियापदं घ्या, प्रत्येकापुढे एक जर्मन प्रतिशब्द लिहा, यादी पाठ करा. अडलंच तर टून (म्हणजे करणे) वापरा, चालतं.’ २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नोकरीसाठी ही भाषा शिकणाऱ्यांत परिचारिका आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांचा वेळ या यादीत जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला मुद्दा, एका क्रियापदाला एक प्रतिशब्द. इंग्रजीतलं ‘पुट’ घ्या. बाटली टेबलावर ठेवायची तर श्टेलन, कारण ती उभी राहते. वर्तमानपत्र ठेवायचं तर लेगन, ते आडवं पडतं. मुलाला खुर्चीत बसवायचं तर झेत्सन, कोट खुंटीला लावायचा तर हेंगन, किल्ली कुलपात घालायची तर श्टेकन. यादीत यातलं कोणतं लिहिणार? ठेवल्यावर वस्तू कशी राहील, हे पाहून जर्मन माणूस क्रियापद निवडतो. म्हणून एकच पुस्तक टेबलावर ‘लेगन’ होतं आणि फडताळात उभं लावताना ‘श्टेलन’. ताटली चपटी असली तरी श्टेलनच, कारण ती आपल्या बुडावर टेकते. हे यादीतून कधीच कळत नाही. शिवाय चष्मा घालणं म्हणजे आउफझेत्सन, सदरा घालणं म्हणजे आनत्सीयन, सूपमध्ये मीठ घालणं म्हणजे गेबन, आग विझवणं म्हणजे ल्योशन. या सगळ्याला इंग्रजीत ‘पुट’ चालतं, कधी नुसतं, कधी ऑन किंवा आउट जोडून.

बहिणीचं नातं खरं आहे. इंग्रजीतले सिट-सेट आणि लाय-ले हे जर्मन झित्सन-झेत्सन आणि लीगन-लेगन यांचेच सख्खे. पण रोजच्या इंग्रजीत त्यांचं बरंचसं काम ‘पुट’ने घेतलं आहे. मराठीत मात्र बसणे-बसवणे ही जोडी रोजच्या तोंडात आहे. आपण साखर चहात घालतो, शर्ट टांगतो, पेन खिशाला खोचतो. या सगळ्याला ‘ठेवतो’ म्हणत नाही. म्हणजे मराठी माणूस इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे गेला, तर हाती असलेला भेद वाटेत टाकून देतो आणि पुढे तोच नव्याने शिकतो. एक अडचण मात्र मराठीतही उरते. आपलं ‘ठेवणे’ श्टेलन आणि लेगन दोन्हींना पुरतं, त्यामुळे उभं-आडवं पाहायची सवय मुद्दाम लावावी लागते.

यादी आणखी एक गोष्ट गाळते, आणि परीक्षेत गुण तिथेच जातात. ‘पुस्तक टेबलावर ठेव’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’, दोन्हींत आपलं ‘टेबलावर’ तेच राहतं. जर्मनमध्ये ठेवताना ‘आउफ डेन टिश’, ठेवून झाल्यावर ‘आउफ डेम टिश’. ‘आहे’च्या जागीही बहुधा ‘लीग्ट’ येतं, म्हणजे पडलेलं आहे. भूतकाळात ठेवण्याचं लेगन नियमाने चालून ‘लेग्टं’ होतं, पडून असण्याचं लीगन मात्र ‘लाग’ होतं. श्टेलनचं ‘श्टेल्टं’, तर उभं असण्याच्या श्टेहनचं ‘श्टांड’. ही जोडी वाक्यासकट पाठ केली तरच टिकते. सुटा शब्द अॅपमध्ये टाकूनही हे मिळत नाही, कारण काय ठेवायचं आणि कसं, हे अॅपला कोणी सांगितलेलंच नसतं.

राहिला ‘टून’. घरगुती बोलण्यात जर्मन लोक तो सर्रास वापरतात. कॉफीत साखर टाकायला ‘टून’ म्हटलंत तर कुणी अडवणार नाही. पण परीक्षेच्या लेखनात शब्दसंपत्तीलाही गुण असतात. आणि वॉर्डात तर आधी समोरच्याचं ऐकून कळायला हवं. तिथली वरिष्ठ परिचारिका रुग्णाबद्दल ‘आउफझेत्सन’ म्हणाली तर त्याला उठवून बसवायचं असतं, ‘हिनलेगन’ म्हणाली तर आडवं निजवायचं असतं. चष्म्याला वापरलेलं आउफझेत्सन इथे माणसाला लागतं, तेही कळायला हवं.