‘गिफ्ट’ लिहिलं म्हणून शालूवरची ड्युटी चुकत नाही

‘पुण्याहून शालू, पैठणी मागवा, पार्सलवर गिफ्ट लिहा, 800 डॉलरपर्यंत कस्टम नाही,’ हा मेसेज अमेरिकेतल्या मराठी मंडळींत फिरतोय. तो शिळा आहे. 800 डॉलरच्या आतल्या पार्सलांची ती सवलत अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून बंद केली. खऱ्या भेटीला सूट आहे, पण 100 डॉलरपर्यंतच. (तेवढ्यात हातमागाची पैठणी येते कुठे म्हणा!) आणि पैसे मोजून दुकानातून मागवलेला शालू भेट ठरतच नाही. बिल 42 हजारांचं, फॉर्मवर ‘गिफ्ट, 90 डॉलर’ असं लिहिलंत तर पार्सल अडकायचं, तेही नेमकं हळदीच्या आदल्या दिवशी. भारतात येऊन परतणाऱ्या तिथल्या रहिवाशाला मात्र सोबतच्या सामानावर 800 डॉलरची सूट अजून मिळते; खरेदी डिक्लेअर करावी लागते, एवढंच.