बंदूकवाला हेर सोडा, टेबलावरच्या माणसाकडे बघा

मिलिटरी इंटेलिजन्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वेषांतर, खोटा पासपोर्ट, मध्यरात्री भिंतीवरून उड्या असलंच काहीतरी येतं. असेल, तेही थोडंफार असतं. पण माझ्या मते या कामातला सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे टेबलापाशी बसून रिपोर्ट लिहिणारा अ‍ॅनालिस्ट, कारण माहिती ढिगाने येते, तिचा अर्थ काय हे तो सांगतो आणि त्यावर फौजा हलतात.

१९४२ ची मिडवेची लढाई बघा, पॅसिफिक समुद्रातली. जपानी आरमाराचा कोड अमेरिकेने अर्धामुर्धा फोडला होता आणि 'एएफ' नावाच्या ठिकाणावर मोठा हल्ला होणार असं दिसत होतं. पर्ल हार्बरच्या तळघरात बसलेला, कोड फोडणाऱ्या टीमचा प्रमुख जोसेफ रोशफर्ट म्हणतोय एएफ म्हणजे मिडवे बेट, वॉशिंग्टनवाले मानायला तयार नाहीत. मग मिडवेला समुद्राखालच्या केबलवरून गुपचूप निरोप गेला की तुमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय अशी बोंब रेडिओवर मारा, कोडबिड काही वापरू नका. मारली. लगेच जपान्यांचा मेसेज पकडला, एएफवर पाण्याची टंचाई आहे! (मला हा किस्सा कितीही वेळा वाचला तरी हसू येतं.) जूनमध्ये जपानची ४ विमानवाहू जहाजं बुडाली. रोशफर्टला मात्र काही महिन्यांतच तिथून हलवलं आणि मेडल दिलं ते १९८६ मध्ये, तो जाऊन १० वर्षं झाल्यावर. वरच्यांना खोटं पाडलं की असंच होतं.

उलटं उदाहरण १९७३ चं. इजिप्तची फौज सुएझ कालव्यापाशी गोळा होतेय हे इस्रायलला सगळं दिसत होतं, पण त्यांच्या मिलिटरी इंटेलिजन्सच्या डोक्यात पक्कं बसलेलं की इजिप्तकडे आत खोलवर मारा करणारी विमानं येत नाहीत तोवर ते लढाई काढणार नाहीत, मग हा नुसता सराव आहे. दक्षिण कमांडमधल्या एका तरुण लेफ्टनंटने १ आणि ३ ऑक्टोबरला लिहून दिलं की सराव हा बनाव आहे. त्याच्या साहेबाने रिपोर्ट वर जाऊच दिला नाही. ६ तारखेला हल्ला. माहिती होती, सोर्स होते, फक्त साहेबाचं आधीच ठरलं होतं.

आता विचार करा, या टेबलाला एवढं वजन आहे तर शत्रूने आपला माणूस कुठे बसवावा? क्युबाने नेमका तिथेच बसवला. अ‍ॅना मोंटेस, पेंटॅगॉनच्या डीआयएमध्ये (अमेरिकन संरक्षण खात्याची गुप्तचर संस्था) १९८५ पासून, पुढे क्युबा याच विषयाची मोठी अ‍ॅनालिस्ट. ऑफिसातून एक कागद बाहेर नेला नाही, सगळं पाठ करायची आणि घरी जाऊन लॅपटॉपवर उतरवायची. पॉलीग्राफ (खोटं पकडायची चाचणी) पास. पगारी हेर पण नव्हती, विचाराने त्यांची होती, त्यामुळे बँक खातं तपासून काय मिळणार? १९९६ मध्ये एका सहकाऱ्याला संशय आला, त्याने कळवलं, काउंटर इंटेलिजन्सवाल्यांनी (आपल्यातच लपलेले शत्रूचे हेर शोधणाऱ्यांनी) तिची चौकशी केली आणि पुराव्याअभावी सोडून दिलं. पकडली २१ सप्टेंबर २००१ ला.

काउंटर इंटेलिजन्सचं काम मला म्हणूनच जास्त अवघड वाटतं, शत्रूवर संशय घ्यायला काय लागतं हो, इथे रोज सोबत मिटिंगला बसणाऱ्या, बक्षिसं मिळवलेल्या हुशार बाईवर घ्यायचा असतो आणि तो खोटा निघाला तर एका चांगल्या माणसाचं करिअर तुम्ही संपवलेलं असतं. तिला सोडून देणाऱ्यांना लोक आता मूर्ख म्हणतात, मला नाही म्हणवत, कारण ती फाईल त्यांनी बंद केली नसती तर तिच्यात लिहून काय ठेवणार होते, चेहरा आवडला नाही? आणि तरी ती फाईल डोक्यातून न काढणारा तपास अधिकारी तिथे होता म्हणून ४ वर्षांनी, एफबीआय एका अनोळखी क्युबन हेराला शोधतेय हे कानावर आल्यावर, त्याला तिचं नाव आठवलं.