टाकीला पुट्टी का नाही लावली? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, गाडीची गळकी पेट्रोलची टाकी बदलल्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "थेंब थेंब गळतीसाठी अख्खी टाकी बदललीत, पन्नास रुपयांच्या पुट्टीत काम झालं असतं, आमच्या वडिलांनी जीपची टाकी साबण लावून वर्षभर चालवली, लोकांना उगाच घाबरवू नका, माझीपण गळतेय आणि मी पुट्टीच लावणार." राग नाही आला, कारण पुट्टी मीही लावली होती, फक्त लाजेखातर पोस्टमध्ये लिहिलं नाही.

सँडपेपर मारला, पुसलं, पुट्टी मळून थापली, रात्रभर सुकवली आणि तिसऱ्या दिवशी नखाने उचकलं तर अख्खी चकती हातात, भाकरीचा पापुद्रा निघावा तशी. वडिलांच्या जीपची टाकी पत्र्याची असणार हो. पत्रा पुट्टी धरतो, त्याला डाखही देता येतो. ही एचडीपीईची, म्हणजे तेलाच्या कॅनचंच प्लास्टिक, त्याला कुठलाच गोंद धड चिकटत नाही. बंपरवाल्याकडून वेल्डिंग करून घ्यावं असं कुणाला वाटेल, पण बंपर बहुतेक पॉलीप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकचे, त्यांची वितळवून भरायची कांडी या टाकीशी एकजीव होत नाही. एचडीपीईच्या कांडीने करता येतं, पण टाकी उतरवून, आतली वाफ पूर्ण घालवून, जाणत्या माणसाकडूनच. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, हवेत जेमतेम दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड, गाडीखाली साचते, म्हणजे नेमकं आपण वायरचा बल्ब घेऊन आडवे पडतो तिथेच.

साबणाचं मात्र तुमचं बरोबर. कपड्याच्या साबणाची वडी चिरेवर घासली की पेट्रोलने विरघळत नाही, गॅरेजपर्यंत नेते. पण गॅरेजपर्यंतच, पावसाच्या पाण्यात तो टिकायचा नाही.

आणि एक चूक माझी. आधी काय तपासायचं ते न लिहिता मी थेट टाकीवर आलो. फुल केल्यावरच वास येतोय आणि अर्ध्यावर गळती थांबतेय, तर बऱ्याचदा टाकी धडधाकट निघते, गळतं ते टाकीत बसवलेल्या पंपाचं वरचं सील, पेट्रोल भरायच्या पाइपाचा रबरी होज नाहीतर वाफेची बारीक नळी. पुष्कळ गाड्यांत मागची सीट उचलली की पंपाचं झाकण दिसतं. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत उंदराने नळी कुरतडलेली, आणि ते महिनाभर टाकीला शिव्या घालत होते! जुन्या गाडीचं रबर तसंही थकलेलं, त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणून होज चिरलेत का ते बघाच. थेंब पडतो तिथेच भोक असतं असंही नाही, टाकीवरून ओघळत भलतीकडे येतं.

माझी गाडी पाव टाकीवरही गळत होती, चीर खाली, टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या कडेला. मग कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून टाकी आणली, सील तेवढं नवीन टाकलं. स्वस्त नाही पडलं, मान्य.

तुमची कुठल्या लेव्हलला गळते ते कळवा, आणि तोवर गाडी बिल्डिंगखालच्या बंद पार्किंगमध्ये लावू नका.