घाबरायचं ते नेमक्या कोणत्या पंपाला?

"इनहेलर हा दम्याचा शेवटचा उपाय. एकदा लागला की जन्मभर सुटत नाही. त्यात स्टिरॉइड असतं, मुलांची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, फुप्फुसं आळशी बनतात. त्यापेक्षा गोळ्या-सिरप बरं. फारच धाप लागली तर निळा पंप घ्या, त्यात स्टिरॉइड नसतं, तो निर्धोक. श्वसनाचे व्यायाम करा, गादीला धूळरोधक कव्हर घाला, दमा मुळापासून जाईल."

हा मेसेज महिनाभरात माझ्याकडे तीनदा आला. पहिल्या दोन वेळा वाचला आणि सोडून दिला. तिसऱ्यांदा तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "ताई, मग बंद करू का?" तिचा मुलगा सात वर्षांचा. डॉक्टरांनी त्याला रोज घ्यायचा पंप नुकताच सुरू केला होता.

मी तिला लगेच फोन केला. बंद करू नकोस, एवढं फोनवर सांगून झालं. पण का करू नये, ते नीट लिहून काढणं भाग आहे. हाच प्रश्न पडलेले आणि विचारायला कुणी नसलेले आईबाप पुष्कळ असणार. मी डॉक्टर नाही. मला नवव्या वर्षापासून दमा आहे, आणि या एका आजारावरचं संशोधन मी गेली कित्येक वर्षं जमेल तसं वाचत आले आहे.

आधी दोन पंपांमधला फरक सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्रास होत नसतानाही ती असते, कमी-जास्त होत राहते. या सुजेमुळे नळी हुळहुळी होते, आणि धूळ, परागकण, धूर, थंड हवा, सर्दी असं काही निमित्त मिळालं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, छातीत शिट्टी वाजायला लागते. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलसारखं औषध, ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतं ते दुसऱ्या, रोज घ्यायच्या पंपातलं स्टिरॉइड, आणि ते सावकाश, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबाने. म्हणून निळा पंप घेतला की लगेच बरं वाटतं आणि दुसरा घेतला की काहीच झालं नाही असं वाटतं. माणसाचा विश्वास साहजिकच पहिल्यावर बसतो.

माझाही बसला होता. "निळा निर्धोक" या वाक्याला मी इतकी चिडून उत्तर देते आहे त्याचं कारण हे. कॉलेजच्या दिवसांत मला कुणीतरी स्टिरॉइडची अशीच भीती घातली आणि मी रोजचा पंप बंद केला. निळा तेवढा पर्समध्ये, उशाशी, सगळीकडे. जिना चढले की दोन पफ, झोपायच्या आधी दोन, पहाटे जाग आली की आणखी दोन. एका रात्री दहा-बारा पफ घेऊनही श्वास आत जाईना, वाक्य पुरं बोलता येईना. हॉस्पिटलात ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लागला, दोन दिवस राहावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "वर्षभरात किती निळे पंप संपले?" मला सांगता आलं नाही. घरी आल्यावर टेबलाचा खण उघडून मोजले. चौदा.

तो आकडा किती वाईट होता ते मला पुढे कळलं. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची एक देशव्यापी तपासणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. १९५ मृत्यूंची कागदपत्रं त्यात एकेक करून पाहिली गेली. निळ्या पंपांची वर्षभराची नोंद ज्यांच्या बाबतीत मिळाली अशा १६५ जणांपैकी ६५ जणांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, मृत्यूआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले होते. आणि रोजच्या पंपाची नोंद ज्यांची मिळाली त्या १२८ जणांपैकी ४९ जणांना तो वर्षात चारदाही दिला गेला नव्हता. मेसेज जसं वागायला सांगतो, त्यातली कितीतरी माणसं जवळजवळ तशीच वागत होती.

निळ्या पंपाने माणसं मरतात, असा याचा अर्थ नाही. अटॅक आला की तोच हवा, आणि तो जवळ नसणं हाही धोकाच. पण तो वारंवार लागणं म्हणजे आत सूज वाढते आहे. फक्त त्याच्यावर राहिलं की ती झाकली जाते आणि हाताबाहेर जाईपर्यंत कळत नाही. न्यूझीलंडमध्ये याचं भयंकर उदाहरण घडलं होतं. १९७६ मध्ये तिथे फेनोटेरॉल नावाचं याच जातीचं, जास्त जोरकस औषध आलं आणि पाठोपाठ दम्याचे मृत्यू एकदम वाढले. १९८९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दोन्हींचा संबंध दाखवला, औषधावर निर्बंध आले, मृत्यू खाली आले. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या जीना या जागतिक गटाने २०१९ मध्ये तर स्पष्टच सांगून टाकलं: प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसता निळा पंप, सोबत स्टिरॉइड नाही, असा उपचार यापुढे नको. दमा अगदी सौम्य असला तरी नको.

या निर्णयामागे २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी होती. सौम्य दम्याच्या ३,८०० हून अधिक रुग्णांना वर्षभर पाहिलं गेलं. एका गटाला त्रास होईल तेव्हा फक्त स्नायू सैल करणारं औषध, दुसऱ्याला त्रास होईल तेव्हा असं औषध आणि स्टिरॉइड एकाच पंपातून. दुसऱ्या गटात गंभीर अटॅकचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी भरलं. पहिल्या गटाकडे होता तो मेसेजमधल्या "निर्धोक" पंपाच्याच जातीचा.

आता स्टिरॉइड. हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे, आणि ती भीती कुठून आली तेही. स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं खरोखरच झिजतात. पण प्रमाण पाहा. अटॅकमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅमची गोळी देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. रोजच्या पंपाचा कमी डोस दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दोन्हींतलं औषध एकच नसतं, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर जाते, पंपातलं औषध थेट जिथे सूज आहे तिथे पडतं. एवढ्याशा औषधाने काम भागतं ते त्यामुळेच.

मग उंचीचं काय? इथे मेसेजमध्ये सत्याचा एक कण आहे आणि तो नाकारणं बरोबर नाही. अमेरिका आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांवर चार ते सहा वर्षं चाललेल्या चाचणीत काही मुलांना रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड दिलं, काहींना दुसरं औषध, काहींना नुसता औषधाविना पंप. ही मुलं मोठी होईपर्यंत संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये त्यांची पुरी वाढलेली उंची छापून आली. स्टिरॉइड घेतलेली मुलं औषधाविना गटापेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने बुटकी होती. फरक पहिल्या एक-दोन वर्षांतच पडला होता, पुढे वाढत गेला नाही. १.२ सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढं. आणि त्याच चाचणीत स्टिरॉइडच्या गटाला हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ ४३ टक्क्यांनी कमी आली. हाडांच्या घनतेत गटागटांत लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय अटॅक टळले की जबर डोसाच्या गोळ्याही टळतात. ज्या स्टिरॉइडला सगळे भितात, ते त्या गोळ्यांमधलं.

मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर पंपाचेही परिणाम होऊ शकतात, हाडांवर, डोळ्यांवर. म्हणून तर दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. तोंडात पांढरे चट्टे येणं, आवाज बसणं हे जास्त नेहमीचं. त्यावर पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी जिच्यात साठतं ती पोकळ नळी, लावून घेणं आणि नंतर चूळ भरणं हा साधा उपाय आहे.

हा पंप थांबवल्यावर काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या ३०,००० हून अधिक दमेकऱ्यांच्या नोंदी सॅमी सुइसा आणि सहकाऱ्यांनी तपासल्या, २०००  साली. वर्षभरात कमी डोसाच्या स्टिरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला, तसा दम्याने मरण्याचा धोका २१ टक्क्यांनी उतरत गेला. आणि ज्यांनी तो बंद केला त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. बहिणीला फोनवर मी आधी हेच सांगितलं.

"एकदा लागला की सुटत नाही." सवय लागणं म्हणजे शरीराला तलफ येणं, डोस वाढवत न्यावा लागणं. इथे तसं काही होत नाही. पंप सोडल्यावर त्रास परत येतो तो दमा तिथेच असतो म्हणून. चष्मा काढल्यावर अंधुक दिसलं तर चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही. हे मात्र खरं की पंप दमा बरा करत नाही. दम्याचा धोका जास्त असलेल्या २८५ लहान मुलांना दोन वर्षं स्टिरॉइडचा पंप देऊन मग थांबवला, त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००६ मध्ये आला: घेत होती तोवर मुलं बरी होती, थांबवल्यावर तो फायदा टिकला नाही. मुळापासून बरा करतो असं पंपाबद्दल कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. काही मुलांची घरघर वाढत्या वयात आपोआप थांबते, त्यांचा पंपही सुटतो. फुप्फुसं आळशी होतात हे तर कशाच्याच आधाराने म्हणता येत नाही. फुप्फुस म्हणजे काही स्नायू नव्हे.

गोळ्या-सिरप बरं? साल्ब्युटामॉलचं सिरप उशिरा लागू पडतं, डोस जास्त लागतो, मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. हे टाळायलाच औषध श्वासातून द्यायची पद्धत आली. दाबला की मोजून एक फवारा देणारा पंप १९५६ पासून आहे. त्याची कल्पना एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने सुचवली होती: केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही मिळत, असं तिने वडिलांना विचारलं. शेवटचा उपाय म्हणून तो कधी बनलाच नव्हता.

श्वसनाचे व्यायाम जरूर करा. ब्रिटनमधल्या ६५५ रुग्णांच्या चाचणीत श्वसनाचं प्रशिक्षण घेतलेल्यांचं रोजचं जगणं सुधारलं. पण फुप्फुसांची मोजमापं आणि सूज होती तशीच राहिली, म्हणजे व्यायाम औषधासोबत करायचे. गादीच्या कव्हरांचं म्हणाल तर १,१२२ प्रौढांवरच्या २००३ च्या चाचणीत नुसत्या कव्हरांनी काहीच फरक पडला नाही.

हा मेसेज लिहिणाऱ्याला कुणाचं वाईट करायचं नसेल. पण २०१९ या एका वर्षात दम्याने जगभरात साडेचार लाखांवर माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि योग्य औषध वेळेवर न मिळणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. औषध हाताशी असताना निव्वळ भीतीने ते बाजूला ठेवलं जावं, हे मला सहन होत नाही.

तुमच्या घरात निळा पंप असेल तर त्याच्या पाठीमागचा, किती पफ उरले ते दाखवणारा आकडा आज बघून ठेवा, आकडा नसेल तर महिन्याला किती पंप संपतो ते लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना तेच आधी सांगा. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर पुढच्या वेळेची वाट पाहू नका.

बहिणीने तिच्या मुलाचा पंप बंद केला नाही. तो स्पेसर तोंडाला लावतो, आतली झडप श्वासागणिक टक् वाजते, ती बोटांवर मोजतो, मग मोरीत जाऊन खळखळून चूळ भरतो. परवा तिने निळ्या पंपाच्या आकड्याचा फोटो पाठवला, १२४. तीन आठवड्यांपूर्वी तो १२६ होता.