रिसेल फ्लॅट घेताय? एजंटला पैसे द्या, पण कशाचे ते आधी ठरवा

"दोन फ्लॅट दाखवले आणि लाखभर रुपये मागतोय." पुण्यात घर शोधणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी ही तक्रार असते. ती रास्तही आहे, कारण बरेच एजंट खरोखर तेवढंच करतात. तरीही माझं मत स्पष्ट आहे: जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट घेत असाल तर चांगला एजंट घ्या आणि त्याचं ब्रोकरेज बुडवू नका. फक्त ते फ्लॅट दाखवण्याचं समजू नका. खरं काम विसार दिल्यानंतर सुरू होतं आणि चावी हातात पडेपर्यंत चालतं.

80 लाखांचा फ्लॅट धरू. पुणे महापालिका हद्दीत 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5 लाख 60 हजार, वर नोंदणी फी 30 हजार. रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची किंमत करारातल्या रकमेपेक्षा जास्त निघाली तर शुल्क दोन्हींतल्या मोठ्या रकमेवर बसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे कागदावर 64 लाख. पण बँक हे प्रमाण करारावर नाही, स्वतःच्या व्हॅल्युएशनवर लावते, आणि जुन्या इमारतीत ते 5-7 लाखांनी सहज खाली येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च यात धरत नाहीत, तो खिशातूनच. थोडक्यात, हातात 25 लाखांच्या आसपास रोख तयारी नसेल तर विसार देऊच नये. जाणता एजंट हे गणित पहिल्या भेटीत मांडतो. खरेदी फक्त बाईच्या नावाने असेल तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, इथे ती 80 हजारांची होते, हेही तो तेव्हाच सांगतो. नवऱ्याचं नाव मालकीत घातलं की ती सवलत गेली.

किमतीच्या घासाघिशीतही त्याचा उपयोग होतो, पण एका अटीवर. पोर्टलवर दिसतात ते मालकांनी मागितलेले भाव. प्रत्यक्षात व्यवहार कितीला झाला ते इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या कराराच्या सरकारी गोषवाऱ्यावर असतं, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतं. त्याच सोसायटीतले गेल्या वर्षभरातले दोन-तीन इंडेक्स टू समोर ठेवून बोलणारा एजंट मिळाला तर त्याला सोडू नका. आणि चौरस फुटाचा भाव कार्पेटवर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर विचारा. सेलेबलवरचा, म्हणजे जिना-लॉबीसारखी सामाईक जागा मिळवून फुगवलेल्या क्षेत्रफळावरचा भाव सांगणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता कागद. सगळ्यात जास्त व्यवहार अडकतात ते वारसांवर. वडील वारले, सोसायटीने नॉमिनी म्हणून मुलाचं नाव शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर चढवलं, आणि आता तो मुलगा फ्लॅट विकायला निघालाय. वरवर सगळं स्वच्छ दिसतं. पण नॉमिनी हा मालक नसतो. आई आहे, लग्न होऊन गेलेली बहीण आहे, त्यांचा हिस्सा तसाच उभा आहे. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर त्या करारात सह्या करायला हव्यात. म्हणून शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू बघायची. तिथे हस्तांतराच्या नोंदी तारखेनिशी असतात, आणि त्या क्रमाने बिल्डरचा मूळ करार, मधले सगळे करार आणि त्यांचे इंडेक्स टू जुळायला हवेत. एक करार जरी गहाळ असला तरी तुमच्या बँकेचा वकील फाइल परत पाठवतो, आणि तोवर तुमचा विसार मालकाने खर्च केलेला असतो. एजंटने हे कागद विसाराच्या आधी गोळा करून तुमच्या हातात द्यायचे. तपासायचे मात्र तुमच्या वकिलाने, 30 वर्षांच्या सर्च रिपोर्टसकट, म्हणजे फ्लॅटच्या जुन्या नोंदी शोधून काढलेल्या अहवालासकट. एजंट वकिलाची जागा घेऊ शकत नाही आणि "आमचेच वकील आहेत" हे ऐकून घेऊ नका.

मालकाचं कर्ज अजून चालू असेल तर एजंटची खरी कसोटी लागते. मालकाच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी काढायची. तुमच्या बँकेचा पहिला चेक मालकाच्या नावे न निघता त्याच्या कर्ज खात्याच्या नावे निघतो. पैसे गेलेत पण मूळ कागद अजून आलेले नाहीत, असे काही दिवस मध्ये येतातच. पूर्ण फेड झाल्यावर बँकेने 30 दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर केला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ते कागद साधारणपणे शाखेत नसतात, मध्यवर्ती कोठारातून मागवावे लागतात. दोन बँका, मालक आणि सोसायटी यांच्यात रोज फोन करणारा माणूस इथे हवा. नोकरी सांभाळून हे करणं किती जिकिरीचं आहे ते केल्यावरच कळतं.

50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात मालकाला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस, म्हणजे त्याचा प्राप्तिकर, तुम्ही कापून भरायचा असतो. मालक परदेशात असेल, आणि कोथरूड-औंधमध्ये आईवडिलांचे फ्लॅट विकणारी मुलं बरीचशी तिकडेच असतात, तर हा 1 टक्क्याचा नियम लागूच होत नाही. कितीतरी जास्त दराने कापावा लागतो आणि चुकलं तर वसुली तुमच्याकडून होते. त्यांनी कुलमुखत्यारपत्र पाठवलं असेल तर ते पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरला गेलाय का, हे बघा. विक्रेता अनिवासी आहे हे नोंदणीच्या आदल्या दिवशी सांगणारा एजंट बिनकामाचा.

सोसायटीच्या बाबतीत एकच: महापालिका हद्दीत हस्तांतराचं प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार. "बिल्डिंग फंड" म्हणून दोन लाख मागितले तर एजंटने तुमच्या बाजूने भांडायला हवं. बहुतेक जण भांडत नाहीत, कारण उद्या त्यांना त्याच सोसायटीत दुसरा फ्लॅट विकायचा असतो.

नव्या प्रकल्पाचा हिशेब वेगळा. तिथे एजंटला बिल्डर पैसे देतो, तुम्हाला तो फुकट पडतो. तेव्हा तो बिल्डरचा माणूस आहे हे गृहीत धरूनच बोला. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदलेल्या प्रकल्पाची विक्री करणाऱ्या एजंटकडे स्वतःचा महारेरा नंबर असावाच लागतो आणि आता त्यासाठी परीक्षाही आहे. नंबर संकेतस्थळावर टाकून बघा. जुन्या इमारतीच्या रिसेलला ही सक्ती तशी लागू होत नाही, पण मी तिथेही नोंदणी असलेलाच निवडायला सांगेन.

राहिलं ब्रोकरेज. रिसेलला 1 ते 2 टक्के चालतं, जीएसटी नोंदणी असेल तर वर 18 टक्के. 80 लाखांवर 1 टक्का म्हणजे जीएसटीसह 94 हजार 400. दोन्ही बाजूंकडून घेणार असेल तर तसं सुरुवातीलाच स्पष्ट विचारा, आणि मग 1 टक्क्याच्या वर जाऊ नका. सगळी रक्कम विसाराच्या दिवशी देण्याची पद्धत पडलीय, ती मोडा. चौथा हिस्सा करार नोंदल्यावर, निम्मे मालकाच्या बँकेकडून मूळ कागद सुटल्यावर, उरलेले चावी आणि तुमच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट मिळाल्यावर. कर्ज नामंजूर झालं किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर विसार किती दिवसांत परत मिळणार, हे विसार पावतीत तारखेसह लिहून घ्या आणि खाली साक्षीदार म्हणून एजंटची सही घ्या. सहीला कां कूं करणारा एजंट असेल तर दुसरा बघा.